मोटर जागेवर थांबेना तेव्हा

मासेमारीच्या बोटीला पुढे लावतात ती जीपीएसवाली विजेची मोटर आमच्याकडे आली आणि तिने पहिला अख्खा उन्हाळा आम्हाला दमवलं. बिघाड दोन होते. ते एकमेकांत असे मिसळले होते की एकाचं लक्षण पाहून आम्ही दुसऱ्यावर इलाज शोधत होतो. इथे मिनेसोटात आमच्या ओळखीतल्या काही मराठी घरांनी आता बोटी घेतल्यात. त्यांच्याकडूनही अधूनमधून हीच तक्रार कानावर येते, म्हणून घडलं तसं सगळं लिहिते आहे.

मी मूळची वेंगुर्ल्याची. लग्नानंतर काही वर्षं पुण्यात काढली, मग नोकरीसाठी मिनिआपोलिसजवळ आलो. माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं, नवरा हिशेबनीस. गळाने मासे धरायचा नाद मला लहानपणापासून, त्याला तो माझ्यामुळे लागला. बोट आम्ही जुनीच घेतली. सतरा फुटी, ॲल्युमिनियमची, मागे पेट्रोलचं इंजिन आणि पुढे नाळेवर ट्रोलिंग मोटर. आधीच्या मालकाने बोट स्वच्छ ठेवली होती. त्याने स्वतःच्या हाताने बरंच काही बसवलंही होतं, त्याकडे पुढे येते.

ही मोटर कशासाठी असते, ते आधी सांगते. पेट्रोल इंजिन बोटीला मासे असतील त्या जागी पोचवतं. तिथे गेल्यावर ते बंद करायचं आणि पुढची विजेची मोटर पाण्यात सोडायची. ती आवाज न करता बोट हळूहळू नेते. अशी विजेची मोटर पहिल्यांदा १९३४ साली शेजारच्या नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावी बनली. तेव्हा ती हाताने वळवावी लागे. आताच्या मोटरीत जीपीएस असतं, बोटीचं तोंड कुठे आहे ते सांगणारा होकायंत्राचा सेन्सर असतो, आणि दांडा वळवायला आणखी एक छोटी मोटर असते. गळ्यात अडकवायच्या रिमोटवर नांगराचं चित्र असलेलं बटण असतं. ते दाबलं की मोटर ती जागा लक्षात ठेवते आणि वारा बोटीला ढकलेल तशी ती परत जागेवर आणत राहते. दोर नाही, तळाला लोखंड नाही. पाण्याखालच्या खडकाळ उंचवट्यावर मासे जमलेले असले तर हे बटण म्हणजे निम्मं काम.

आमची मोटर २४ व्होल्टची, ८० पौंड जोराची. तिला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लागतात. त्या बोटीत मागे ठेवलेल्या, मोटर पुढे, आणि मधून वायर गेलेली.

मे महिन्यात घराजवळच्या लहान तळ्यावर तिला चालवून पाहिलं. संध्याकाळी वारा पडलेला होता. नांगराचं बटण दाबलं, बोट जागच्या जागी उभी राहिली. आम्ही खूश झालो.

जूनमध्ये मिल लॅक्सला गेलो. आमच्या घरापासून उत्तरेला दीड-दोन तासांवर. हे साधं तळं नाही. सुमारे ५३५ चौरस किलोमीटर पसरलेलं, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा थोडंच लहान, आणि खोली जास्तीत जास्त ४२ फुटांच्या आसपास. भरती-ओहोटी नाही, म्हणजे काम सोपं, असं किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला वाटतं. तसं नाही. एवढ्या उथळ आणि मोकळ्या पाण्यावर वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या येतात. समुद्राची लांब लाट बोटीला उचलून पुढे सोडते. ही लाट नुसती आपटते.

तिथला मासा म्हणजे वॉलआय. १९६५ पासून तो मिनेसोटाचा राज्यमासा आहे. खायला फार चांगला, काटे कमी, आमच्याकडच्या माणसाला तिखलं करायलाही चालतो. त्याच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधूक उजेडात त्याला इतर माशांपेक्षा चांगलं दिसतं. मावळतीला, ढगाळ दिवशी, लाटांनी पाण्यातला उजेड मोडलेला असताना तो शिकारीला निघतो. म्हणजे मासा लागतो तो वाऱ्यात, आणि मोटर खरी लागते तीही वाऱ्यातच.

त्या दिवशी पश्चिमेचा वारा होता. खडकाच्या एका रांगेच्या कडेला, चौदा फूट पाण्यात, मी गळाला जळू लावून सोडली आणि नवऱ्याने नांगराचं बटण दाबलं. मोटर वळली आणि जोर वाढला. बोट मात्र जागेकडे जायचं सोडून आडवी निघाली. दांडा पूर्ण फिरला, मग उलटा फिरला. बोटीने गोल वळसा घेतला आणि माझं तंगूस दांड्याच्या खालून पलीकडे गेलं. मी ते सोडवत असताना मोटर पूर्ण जोरात गेली, रिमोटच्या पडद्यावरची जीपीएसची खूण गेली, आणि मोटर बंद पडली.

“अगं, हे ऐकतच नाहीये,” नवरा म्हणाला. तो बटण दाबत होता, काही होत नव्हतं. थोड्या वेळाने रिमोट आपोआप जुळला, पण थांबायची जागा पुसली गेली होती. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तेच. तोवर वाऱ्याने बोट खडकाच्या माथ्याकडे नेली. तिथे पाणी जेमतेम चार फूट. तळाला करकर असा आवाज आला. “इंजिन सुरू कर, सुरू कर,” मी ओरडले. मोटरचा प्लग ओढून काढला, दांडा वर घेतला. मागचं इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं म्हणून आम्ही बाहेर पडलो. माझे हात बराच वेळ कापत होते. परतीच्या रस्त्यात आम्ही दोघंही फारसं बोललो नाही. बोट विकून टाकावी असं मला त्या संध्याकाळी मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी ठरवलं की कामावर करते तसंच करायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहून ठेवायचं. एक वही केली. तारीख, वाऱ्याची दिशा, बॅटरी किती भरलेली, कोणतं बटण दाबलं, मोटरने काय केलं. ही वही पुढे इतकी उपयोगी पडली की आताही ती बोटीत प्लास्टिकच्या पिशवीत असते.

पहिला संशय रिमोटवर. तो बंद पडताना डोळ्यांना दिसला होता, म्हणून सगळे आधी त्याच्याच मागे लागतात. रिमोट रात्रभर चार्ज केला. मोटरचं सॉफ्टवेअर नवं केलं. जुनी जोडणी पुसून रिमोट नव्याने जोडला. मोटरच्या डोक्यावरचं बटण धरून ठेवायचं, आवाज झाला की रिमोटवरचं दाबायचं. काही फरक पडला नाही. दुकानात विचारलं तर नवा रिमोट घ्या म्हणाले. तो स्वस्त नाही. आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांनी आयुष्यभर बोटींची इंजिनं दुरुस्त केली आहेत आणि त्यांच्याकडे याच जातीची मोटर आहे. त्यांनी स्वतःचा रिमोट दिला, म्हणाले हा जोडून बघा. एका मोटरीला एकाहून जास्त रिमोट जोडता येतात. त्यांचा रिमोट घेऊन तळ्यावर गेलो. तो आमच्याच रिमोटसारखा बंद पडला. आमचा रिमोट त्यांच्या बोटीवर मात्र दिवसभर नीट चालला. पैसे वाचले आणि रिमोट सुटला. कोणाकडून उसना रिमोट मिळत असेल तर नवा घेण्याआधी हे नक्की करावं.

मग जीपीएस. हे तपासायला बोट पाण्यात न्यायचीही गरज नाही. अंगणात ट्रेलरवर, आकाश मोकळं दिसेल अशी उभी केली आणि तासभर पडद्यावरचं ठिकाण पाहत बसले. ते दोन-तीन मीटरच्या आत इकडेतिकडे होत राहिलं, एकदाही उडी मारली नाही. जीपीएसकडून एवढीच अचूकता मिळते. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालून ठेवली होती आणि ठिकाण शंभर मीटरपर्यंत चुकायचं. तेव्हा असला नांगर शक्यच नव्हता. आता उपग्रह ठिकाण देतात ते बोटीला पुरतं. आमच्या अंगणात तरी त्यांच्याकडून काही कमी पडत नव्हतं.

मोटरही अंगणात चालवून पाहिली. ती उत्तम चालली. रिमोट तुटला नाही, जीपीएस गेलं नाही. यानेच मी गोंधळले. घरी सगळं ठीक आणि तळ्यावर बिघाड. शेजाऱ्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “हवेत पंखा फिरवायला वीज लागतेच किती? पाण्यात, पूर्ण जोरात चालू असताना मोजा.”

हे वाक्य सोन्याचं ठरलं. २४ व्होल्टची अशी मोटर पाण्यात पूर्ण जोर लावते तेव्हा पन्नास अँपिअरच्या वर वीज ओढते. घराच्या साध्या प्लगमधून आपण कधी एवढा प्रवाह घेत नाही. लहान तळ्यावर वारा नव्हता, मोटरला जोर लावावाच लागला नव्हता. बिघाड तिथे दिसणार कसा?

घराजवळच्या तळ्याच्या धक्क्याला बोट पुढून-मागून घट्ट बांधली. नवऱ्याने मोटर पूर्ण जोरात लावली आणि मी मल्टिमीटर घेऊन बसले. मोटर बंद असताना दोन्ही बॅटऱ्या मिळून २५.४ व्होल्ट होते, म्हणजे भरलेल्या. पूर्ण जोरात चालू असताना बॅटरीच्या टोकांवर २४.१. हेही ठीक. एकेक बॅटरी वेगळी मोजली. दोन्ही सारख्याच निघाल्या, कोणतीही एक बसलेली नव्हती. मग पुढे, प्लगच्या मोटरकडच्या टोकाला मोजलं. २०.६. साडेतीन व्होल्ट वाटेतच गेले होते. आणि वाचत असतानाच मोटर थांबली, रिमोटने आवाज केला, जीपीएसची खूण गेली. मिल लॅक्सवर झालं ते जसंच्या तसं, धक्क्याला बांधलेल्या बोटीत. मला फार बरं वाटलं. बिघाड हवा तेव्हा घडवून आणता आला की तो निम्मा सापडतो, हे माझ्या कामात रोज दिसतं.

जे होत होतं ते असं. मोटरच्या डोक्यात संगणक, जीपीएस आणि रिमोटचा रेडिओ एकत्र बसलेले असतात. त्यांना वीज त्याच वायरीतून येते. लाट आली, मोटरने जोर लावला, व्होल्टेज कोसळलं, तो संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला. सुरू होताना त्याला उपग्रह पुन्हा शोधावे लागतात, रिमोट पुन्हा ओळखावा लागतो. थांबायची जागा तो विसरलेला असतो. आपल्याला वाटतं रिमोट तुटला. खरं म्हणजे रिमोटला उत्तर द्यायला पलीकडे कोणी जागंच नसतं.

आता ते साडेतीन व्होल्ट गेले कुठे, ते शोधायचं. मल्टिमीटरची एक तार एका टोकाला, दुसरी दुसऱ्या टोकाला, आणि मोटर चालू. ज्या तुकड्यावर व्होल्टेज दिसेल तिथे तेवढं वाया जातंय. वायरवर १.८, प्लगवर १.१, ब्रेकरवर ०.६. आधीच्या मालकाने दहा गेजची वायर घातली होती. तांब्याच्या अशा वायरीला हजार फुटांना एक ओहम विरोध असतो. आमची वायर जाऊन-येऊन छत्तीस फूट. पन्नास अँपिअरला बरोबर १.८ व्होल्ट होतात. कागदावरचा हिशेब आणि मीटर जुळले तेव्हा नवऱ्यालाही या कामात गोडी वाटायला लागली. हिशेबनीस माणूस.

प्लग उघडला तर आत हिरवट थर जमलेला. ब्रेकर हाताला चांगलाच गरम लागला. बॅटरीच्या टोकांवर हाताने पिळायच्या पंखवाल्या चाक्या होत्या, त्या लाटांच्या हादऱ्याने सैल झालेल्या. मोटरच्या पुस्तिकेत पान्याने आवळायचे षटकोनी नट आणि स्प्रिंग वॉशर लावा असं लिहिलेलंच आहे.

एका शनिवारी सगळं बदललं. सहा गेजची, जास्त जाड, कथिल चढवलेली तांब्याची वायर. टोकांना दाबून बसवलेले लग, त्यावर गोंदवाली नळी गरम करून आवळलेली. नवा प्लग आणि नवा साठ अँपिअरचा ब्रेकर, बॅटरीजवळ. वायर ओढायला सर्वांत जास्त वेळ गेला, कारण बोटीच्या कडेतली नळी फोमने भरलेली होती. जुन्या वायरीलाच नवी बांधून ओढली तेव्हा ती सरकली. पुन्हा धक्क्यावर मोजलं. मोटरपाशी २३.२. अर्धा तास पूर्ण जोरात चालवली. रिमोट एकदाही गेला नाही.

प्रश्न मिटला असं समजून मिल लॅक्सला गेलो. रिमोट शेवटपर्यंत टिकला, जीपीएसही टिकलं. पण नांगराचं बटण दाबलं की गोल फिरणं चालूच. मी खरंच रडकुंडीला आले. एवढा खर्च, एवढे हात काळे केले, आणि बोट पुन्हा तशीच आडवी.

फरक एवढाच की आता मोटर बंद पडत नव्हती, त्यामुळे ती काय करते ते नीट पाहता आलं. आखलेल्या मार्गावर चाल म्हटलं की चालायची. थांब म्हटलं की भरकटायची. रात्री वही काढून बसले. दक्षिणेचा वारा असलेल्या दिवशी बोट बऱ्यापैकी थांबलेली होती, पश्चिमेचा असला की गोल फिरलेली होती. उपग्रहाला वाऱ्याची दिशा काय माहीत? मग उरला दिशेचा सेन्सर.

याचं कारण समजून घेतलं तेव्हा सगळं उलगडलं. चालत्या बोटीची दिशा जीपीएसला स्वतःलाच काढता येते, आधी कुठे होतो आणि आता कुठे आहोत यावरून. थांबलेल्या बोटीला तशी दिशा नसते. तेव्हा बोटीचं तोंड कुठे आहे हे फक्त होकायंत्र सांगू शकतं. ते थोडं चुकलं तर मोटर वळसे घेत घेत का होईना, जागेवर येते. चूक नव्वद अंशांच्या पलीकडे गेली तर ती जितका जोर लावते तितकी जागेपासून लांब जाते. पुढे आणखी एक गोष्ट. बोटीवरच एखादं चुंबक असलं तर ते बोटीबरोबर फिरतं. पृथ्वीचं चुंबकत्व फिरत नाही. त्यामुळे बोटीचं तोंड एका दिशेला असताना चूक जवळजवळ नसते, दुसऱ्या दिशेला ती मोठी होते. नांगरावर बोट वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. म्हणून दक्षिणेचा वारा असला की चालायचं आणि पश्चिमेचा असला की नाही.

मुलाच्या शाळेच्या सहलीचं साधं होकायंत्र घरात होतं. ते घेऊन अंगणात बोटीच्या पुढच्या भागावर गुडघ्यांवर बसले आणि वीत-वीत सरकवत नेलं. आमच्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरं उत्तर जवळजवळ एकच आहे, त्यामुळे नकाशाशी ताडून पाहायला सोपं जातं. दिशेचा सेन्सर लावला होता तिथे सुई एकदम वळली. हात आणखी उजवीकडे नेला तर ती उलटीच झाली. फळी उघडली. खाली गाण्यांचा स्पीकर. आधीच्या मालकाने पुढच्या बाजूला गाणी ऐकू यावीत म्हणून बसवलेला, सेन्सरपासून फूटभरावर. स्पीकरच्या पाठीला मोठं गोल चुंबक असतं.

स्पीकर काढून टाकला. त्याच्याच जवळ मासे उचलायच्या जाळीला अडकवायचं चुंबकी हूक होतं, तेही मागे नेलं. पक्कड आणि गळांचा डबा पुढच्या कप्प्यातून हलवला. शिशाची वजनं तिथेच राहू दिली, शिशाला चुंबक लागत नाही. होकायंत्र पुन्हा फिरवून पाहिलं. आता सुई सगळीकडे एकाच दिशेला.

त्यानंतर सेन्सरला नव्याने दिशा शिकवायची असते. वारा नसलेल्या सकाळी, धक्क्यापासून लांब, कारण धक्क्यात लोखंड असतं, बोट सावकाश गोल फिरवायची. ते संपेपर्यंत मोबाइल पुढे न्यायचा नाही, विशेषतः चुंबकाचं झाकण असलेला. मग नाळ आणि मोटर एका रेषेत आणून तेही नोंदवायचं. हा शेवटचा भाग घाईत करू नये. आम्ही दोरी ताणून नाळेपासून मागच्या फळीच्या मध्यापर्यंत रेष धरली आणि मोटरचं डोकं तिच्याशी जुळवलं.

ऑगस्टमध्ये पश्चिमेचा वारा असलेला दिवस मुद्दाम निवडला. तीच खडकाची रांग. या वेळी खरा नांगर, दोर मोजून गुंडाळलेला, माझ्या पायाशी तयार होता, आणि मागचं इंजिन पाण्यातच ठेवलं. नवऱ्याने बटण दाबलं. मोटर वाऱ्याकडे वळली, थोडा जोर लावला, कमी केला, पुन्हा लावला. मी पडद्याकडे पाहत राहिले. गळ सोडायचंही सुचलं नाही. बोट खोलीच्या त्याच रेषेवर राहिली. “आता तरी गळ टाक,” नवरा म्हणाला. त्या संध्याकाळी तीन वॉलआय लागले. सगळे सोडून दिले, पण फोटो काढताना मी किती हसते आहे ते घरी पाहिल्यावर मलाच कळलं.

दोन लहान गोष्टी त्यानंतर कळल्या. नवरा मागे बसून पाठमोरा झाला की रिमोट कधीकधी उशिरा ऐकायचा. रिमोटच्या रेडिओलहरी पाण्यातून नीट जात नाहीत, आणि माणसाचं शरीर बहुतांश पाण्याचंच. त्यातून तो रिमोट ओल्या रेनकोटच्या आत घालायचा. आता तो जीवरक्षक जाकिटाच्या खांद्यावर, बाहेरून अडकवतो. तक्रार संपली.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या सगळ्या गोल फिरण्यात पंख्याच्या मागे तंगूस गेलं होतं. बाहेरून काही दिसत नव्हतं. पंखा काढला तेव्हा आत दांड्याभोवती घट्ट वेटोळं निघालं. ते तसंच राहिलं असतं तर रबरी सील कापून मोटरमध्ये पाणी गेलं असतं. पंख्याच्या दांड्यातून जाणारी छोटी पिनही जराशी वाकलेली होती, ती बदलली. ही पिन तुटली की मोटर आवाज करते, पण बोट हलत नाही. सुटी पिन आणि पंख्याच्या नटाचा पाना आता बोटीत असतो. इथे तळ्यातून बाहेर पडताना कायद्याने बोटीतलं सगळं पाणी काढून टाकावं लागतं, बूच उघडं ठेवूनच रस्त्याला लागायचं, मोटरला अडकलेलं गवत काढायचं, झेब्रा शिंपल्यांसारखे उपद्रवी जीव दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून. ते करताना पंख्याकडे नजर टाकायला वेगळा वेळ लागत नाही. मात्र पंख्याला हात लावण्याआधी मोटरचा प्लग काढायचाच. रिमोट कोणाच्या तरी गळ्यात असतो, बटण चुकून दाबलं जातं, आणि ८० पौंड जोराचा पंखा बोटं ओळखत नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. लाटा तीन फुटांच्या वर गेल्या की नाळ उचलली जाते आणि पंखा पाण्याबाहेर येतो. तेवढ्या क्षणापुरती मोटर रिकामी फिरते आणि बोट मागे सरकते. आमच्या मोटरचा दांडा ५४ इंची आहे, या बोटीला ६० इंची हवा होता. याला कोणतंही सेटिंग नाही, वायर बदलून उपयोग नाही. लांब दांड्याचा भाव काढून ठेवला आहे. तो येईपर्यंत पंख्याचा आवाज हवेत आला की आम्ही गळ गुंडाळतो आणि वाऱ्याच्या आडोशाच्या किनाऱ्याला जातो.